गोणपाटातले शंभर दाणे

चुडावा, ८ जून २०२५, रविवार

दुपारी शेतकरी गटाच्या अध्यक्षांनी गोदामावर बोलावलं. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक सुरू होते आणि पावत्या अजून वहीवरच आहेत. त्यांना त्या कॉम्प्युटरवर हव्यात. मी विचारलं, "काका, काय काय पाहिजे त्यात?" तर म्हणाले, "ते तू लिहून आण. सगळं. एकदा वाचतो, सही करतो, एकदाच पैसे सांग. मागून हे राहिलं, ते राहिलं नको."

त्यांचं चूक नाही. घर बांधताना गवंडी दर महिन्याला नवी खोली सुचवायला लागला, तर मीही त्याला हाकलून देईन.

घरी आलो तर आबा ओसरीवर दाणे मोजत बसलेले. घरचंच बियाणं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वरून दुसरं ओलं गोणपाट, मग वळकटी करून सावलीला. यंदा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये जाहीर झालाय, पण आबांचा हिशेब अजून शंभर दाण्यांवर अडलाय.

१० जून, मंगळवार

दोन रात्री जागून चौतीस पानं झाली. शेतकरी नोंदणी, काटा, ओलावा, मातेरं, बारदाना, हमाली, पट्टी. आबा पाणी प्यायला उठले, म्हणाले, "काय लिहूलालास इतकं? खत लिहूलालास का रजिस्ट्रीचं?"

झोप उडाली म्हणून विन्स्टन रॉइस यांचा १९७० सालचा निबंध पुन्हा काढला. गरजा, आराखडा, कोड, चाचणी, वापर अशा पायऱ्यांवरून पाणी उतरावं तशी ती प्रसिद्ध आकृती त्यातलीच. 'वॉटरफॉल' हा शब्द त्यात कुठेच नाही, तो नंतर लोकांनी चिकटवला. उलट आकृतीच्या खालीच रॉइस सांगतात, की हे असंच केलंत तर जोखीम आहे, कारण चाचणी येते शेवटी आणि तेव्हा निघालेली चूक पार आराखड्यापर्यंत मागे ओढते. काम नवं असेल तर आधी छोट्या प्रमाणात करून बघा, गिऱ्हाइकाच्या हाती जाईल ते दुसऱ्यांदा केलेलं असू द्या, हा त्यांचा सल्ला. आकृती सगळ्यांनी उचलली, मजकूर तिथेच राहिला.

१२ जून, गुरुवार

चौतीस पानं घेऊन गोदामाच्या मुनीमजींकडे गेलो. त्यांनी ती हातात तोलली आणि बाजूला ठेवली. "आधी हे बघ," म्हणत गेल्या हंगामाची वही उघडली.

काही वजनांभोवती पेन्सिलीने गोल काढलेले. म्हटलं, हे काय? "भावाभावातलं. ट्रॉली एक, माल तिघांचा. भरल्या ट्रॉलीचा काटा, रिकाम्याचा काटा, झालं. कुणाचे किती ते घरी ठरतं आणि संध्याकाळी येऊन सांगतात. तोवर गोल."

माझ्या पानांत एक ट्रॉली, एक शेतकरी, एक पावती. घरातलं भांडण मिटायला लागणारी संध्याकाळ कुठल्याच रकान्यात नव्हती.

पान नऊवर मी ठामपणे लिहिलं होतं : ओलावा १२ टक्क्यांपर्यंत. वहीत नोव्हेंबर २०२४ च्या पानावर १२ खोडून १५ केलेले. ऐन हंगामात केंद्राने हमीभाव खरेदीतली ओलाव्याची मर्यादा वाढवली, ती इथे पेन्सिलीच्या एका रेघेत बसली. तो आकडा मी कोडमध्ये पक्का करून ठेवला असता, तर ट्रॉल्यांची रांग गोदामाबाहेर आणि मी कॉम्प्युटरपुढे घाम पुसत.

१४ जून, शनिवार

सकाळी वळकटी उलगडली. दोघांनी वेगवेगळे मोजले, दोघांचे अठ्ठ्याहत्तर आले. सत्तरच्या वर उगवण म्हणजे बियाणं चांगलं, कमी असती तर एकरी बी वाढवावं लागलं असतं. तरी आबांनी ट्रॅक्टरवाल्याला अजून निरोप दिलेला नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय ते पेरणीचं नाव काढत नाहीत. दुबार पेरणीचं एक साल त्यांना अजून पाठ आहे, रुपयांसकट.

गोणपाटातले बावीस दाणे न उगवल्याने काही बिघडलं नाही. तेच बावीस टक्के रानात कळले असते तर हंगामाला भारी पडले असते. चूक तीच, पण एक फुकटात कळते आणि दुसरी परत घेता येत नाही.

१५ जून, रविवार

संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसलो. परभणी ते मुदखेड, सुमारे ८१ किलोमीटरची दुसरी लाइन, ती काही एका दिवशी सुरू झाली नाही. तुकडा तयार झाला, सुरक्षा आयुक्तांनी तपासला, गाडी धावली, मग पुढचा. मात्र तुकडा म्हणून रूळ कच्चा टाकून 'प्रवाशांचं काय म्हणणं येतं बघू' असं कुणी केलं नाही.

पुण्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीत आम्ही दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. थोडं थोडं देणं वेगळं, आणि दिलेलं पुन्हा बदलणं वेगळं. रेल्वे पहिलं करते. मुनीमजींची पेन्सिल दुसरं करते.

१७ जून, मंगळवार

आज २०१७ आठवलं. त्या वर्षी सातबाऱ्याचं चावडी वाचन झालं होतं. संगणकात भरलेल्या नोंदी गावासमोर वाचायच्या, हातच्या सातबाऱ्याशी ताळा घ्यायचा, नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल तर दुरुस्त करायचं. डिजिटल सहीचा सातबारा आला त्यानंतर, १ मे २०१८ ला.

त्याच २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षेच्या सतरा लाखांच्या वर उत्तरपत्रिका एकाच हंगामात स्क्रीनवर तपासायला घेतल्या. सगळ्या शाखा एकदम. निकाल रखडले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

अध्यक्षही चावडीसारखं वाचूनच सही करणार आहेत. पण ते वाचणार माझा कागद. चावडीवर वाचली जात होती ती खुद्द नोंद, आणि ऐकायला बसले होते जमिनीचे मालक.

२० जून, शुक्रवार

चौतीस पानांची दोन केली.

पहिल्या पानावर जे चुकलं तर परत घेता येणार नाही ते : निव्वळ वजन कसं काढायचं, कपात कोणत्या क्रमाने, पट्टी कुणाच्या नावावर, पैसे कुणाच्या खात्यात. जास्तीचे गेलेले पैसे आणायला कुणाच्या दारात जाणार? हे आधी ठरवायचं, गेल्या वर्षीच्या पन्नास नोंदींवर पडताळायचं आणि मगच पुढे जायचं. इथे मी पक्का वॉटरफॉलवाला.

दुसऱ्या पानावर बाकीचं, तीन तुकड्यांत. दर दुसऱ्या रविवारी गोदामात चालवून दाखवायचं. ओलाव्याची मर्यादा बदलायची सोय मुनीमजींच्या हातात.

अध्यक्ष बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दर पंधरा दिवसाला पैसे?"

"दाखवलेलं पटलं तर. नाही पटलं तर तिथंच थांबवा, पुढचे देऊ नका."

"आणि मागून कामं वाढली तर?"

"तीन तुकड्यांचे पैसे ठरलेले. चौथा तुम्ही मागितला तरच."

त्यांनी पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्यावर नुसती तारीख घातली.

२२ जून, रविवार

पहिला तुकडा ठरल्याच्या आधीच दाखवला, नुसती पावती. गेल्या वर्षीची एक नोंद भरली, छोट्या प्रिंटरमधून गुळगुळीत कागदाची पट्टी सरसरत बाहेर आली. वजन बरोबर, कपात बरोबर. तीन भावांच्या तीन पावत्याही निघाल्या. मी खुशीत.

मुनीमजींनी पावती उजेडाकडे धरली, बोटाने चोळली आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "पेट्रोल पंपाची पावती. महिना झाला असंल." उलगडून बघितली तर कोरी. अक्षरं पार उडालेली.

"लोक पट्टी पेटीत ठेवतात, पुढच्या पेरणीपर्यंत. बँकेत दाखवावी लागती."

चौतीस पानांत प्रिंटरवर दीड पान होतं. किंमत, वेग, कागदाची रुंदी, सगळं.

बरं झालं, प्रिंटर नांदेडच्या मित्राकडून उसना आणलाय. उद्याच्या गाडीने परत करून येतो.