पायांखालचा मध्य

जयपूरच्या घरात विमानाच्या सिम्युलेटरसाठी रडर पेडलं बसवायची म्हटली की पहिली गाठ फरशीशी पडते. इथे घराघरांत कोटा दगड नाहीतर मकराण्याचा संगमरवर. रोज पुसून पुसून तुकतुकीत झालेला, मे महिन्यात अनवाणी पायांना सुखावणारा. त्यावर पेडलं ठेवून चाकांच्या खुर्चीत बसावं आणि पाय दाबावा, तर पेडलं पुढे सरकतात, खुर्ची मागे जाते आणि पडद्यावरचं विमान जागच्या जागी. सतरंजी घातली तर तीही बरोबर निघते. शेवटी सुताराकडून जाड प्लायवूडची फळी करून घेतली. एका टोकाला पेडलं स्क्रूने आवळली, दुसऱ्या टोकाला चाकं काढलेली खुर्ची, फळीखाली रबराच्या पट्ट्या. पायांनी लावलेला जोर आता फळीतल्या फळीत जिरतो. संगणकाला हात लावण्याआधी एवढं झालंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पाय टेकायची जागाच हलत असेल तर पुढच्या मोजमापाला काही अर्थ उरत नाही.

पेडलं आणली भाचीसाठी. ती टोंक जिल्ह्यातल्या वनस्थली विद्यापीठात शिकते. मुलींना विमान चालवायला शिकवणारं, स्वतःची धावपट्टी असलेलं हे विद्यापीठ. सुट्टीला नाशिकला जाताना वाटेत ती आमच्याकडे राहते आणि मग आमच्या पुढच्या खोलीत जयपूरचा सांगानेर विमानतळ अवतरतो. जॉयस्टिक घरात होतीच. तिची दांडी पिळली की शेपटीवरचं सुकाणू, म्हणजे रडर, तेही वळतं. पण भाची म्हणाली, "मामा, रडर हाताने द्यायची सवय लागली ना, तर खऱ्या विमानात पाय झोपूनच राहतील." मला ते पटलं.

पायांना आपण चालण्यापलीकडे फारसं काही शिकवत नाही. गाडी चालवताना ते दाबतात आणि सोडतात, बस. रडर त्यांच्याकडून वेगळंच मागतं. दोन्ही पेडलं एकमेकांना जोडलेली. उजवं पुढे गेलं की डावं तेवढंच मागे येतं. एका पायाने जोर द्यायचा आणि दुसऱ्याने तो मोजून मापून येऊ द्यायचा. त्यात दिशेचा घोळ. सायकलवर उजवीकडे वळताना डावा हात पुढे जातो. इथे उजवीकडे वळायचं तर उजवा पाय पुढे. लहानपणापासून सायकल मारलेल्या अंगाला हे उलटं वाटतं, आणि धावपट्टीवरून पहिल्यांदा विमान पळवताना अंग नेमकं जुनंच आठवतं.

रडर विमान वळवायला असतं असा बहुतेकांचा समज. वळवतात खरे तर पंख. विमान एका कुशीवर कललं की पंखांची उचल तिरपी होते आणि विमान त्या बाजूला ओढलं जातं. मात्र कलताना वर जाणाऱ्या पंखाला हवेचा अडथळा जास्त होतो आणि नाक वळणाच्या उलट्या बाजूला भरकटतं. राइट बंधूंना १९०२ साली किटी हॉकच्या वाळूत याच्याशी झगडावं लागलं. त्यांच्या ग्लायडरची शेपटी आधी घट्ट बसवलेली होती. जास्त कॉफी प्यायल्यामुळे ऑरव्हिलला रात्री झोप लागेना, आणि तसं पडल्या पडल्या त्याला सुचलं की शेपटी हलती असावी. आधी त्यांनी ती पंखांच्या पिळाला जोडून टाकली. १९०५ मध्ये तिला स्वतंत्र चालवायची सोय केली. वळण सुरू करताना आणि संपवताना पाय हलके पुढे सरकतात, त्या हालचालीच्या मागे हा सगळा इतिहास आहे.

पेडलं जोडल्यावर संगणकाला तीन अक्ष दिसायला हवेत: एक रडरचा आणि पायाच्या बोटांनी दाबायच्या ब्रेकचे दोन, डावा नि उजवा. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत तिन्हींच्या पट्ट्या हलताना दिसतात. पहिली तपासणी तिथेच करावी, सिम्युलेटर उघडण्याआधी. पाय उचलून घ्यायचे आणि नुसतं बघत बसायचं. रडरची पट्टी मध्यावर स्थिर उभी राहिली तर पेडलं निरोगी. थरथरत असेल तर दोष पेडलात किंवा वायरीत. इथे सगळं शांत, पण सिम्युलेटरात विमान झटके देतंय, तर दोष बहुधा जोडणीत. नवी पेडलं ओळखल्यावरही जॉयस्टिकच्या पिळाचं रडर तसंच चालू राहतं, आणि मग एका सुकाणूला दोन धनी होतात. पिळाची जोडणी काढून टाकली की झटके थांबतात. धावपट्टीवर इंजिन पूर्ण ताकदीने ओरडतंय आणि विमान हलत नाही, हा नवख्यांना हमखास रडवणारा प्रकार. तेव्हा ब्रेकचे अक्ष उलटे झालेले असतात. पाय उचलले की पूर्ण ब्रेक, दाबले की मोकळे. सेटिंगमध्ये अक्ष उलटा करायची खूण असते, ती लावायची. उड्डाणाच्या मध्येच पेडलं गायब होत असतील तर यूएसबी हबमधून काढून थेट संगणकाच्या मागच्या खाचेत लावायची आणि विंडोजला वीज वाचवण्यासाठी ती खाच झोपवू द्यायची नाही. आपोआप रडर देणारी मदतही बंद करायची. ती चालू असली तर पाय काय करतायत याच्याशी विमानाला देणंघेणंच राहत नाही.

आणि मग धूळ. जयपूरची धूळ मैद्यासारखी बारीक. उन्हाळ्यात पश्चिमेकडून आंधी येते, दारं-खिडक्या लावूनही तास-दोन तासांत टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. आमची पेडलं एका उन्हाळ्यानंतर थरथरू लागली. पाय मध्यावर, पण पट्टी मध्येच डावीकडे उडी मारून परत यायची. आत पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनचा अर्धगोल पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची बारीक जीभ. जीभ पट्ट्यावर कुठे आहे त्यावर व्होल्टेज ठरतं आणि व्होल्टेजवरून संगणकाला पायाची जागा समजते. सर्वांत जास्त घासतो तो मधला भाग, कारण पाय सगळ्यात जास्त वेळ तिथेच असतात. मध्य आधी झिजतो. एम. आय. रोडवरच्या जयंती मार्केटमधून काँटॅक्ट क्लीनरचा डबा आणला, झाकण उघडून फवारा मारला, पेडलं या टोकापासून त्या टोकापर्यंत बराच वेळ हलवली आणि नव्याने कॅलिब्रेट केली. पट्टी शांत झाली. पण घासणारा भाग पुन्हा घासणारच. महागड्या पेडलांत म्हणून हॉल सेन्सर असतो. एडविन हॉलने १८७९ साली चुंबक आणि विद्युतप्रवाह यांचा जो परिणाम शोधला, त्यावर तो चालतो. चुंबक फिरतो, सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो आणि कुठेही काही घासत नाही.

याच शहरातल्या एका माणसाने, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, झिजणाऱ्या अक्षांची हीच तक्रार लिहून ठेवली आहे. सवाई जयसिंह. १७२७ मध्ये जयपूर वसवणारा राजा, आणि आकाशाचा पक्का अभ्यासक. पितळेची यंत्रं त्याने करून पाहिली होती. आपल्या 'झीज-ए-मुहम्मदशाही' या कोष्टकांच्या प्रस्तावनेत तो सांगतो की ती आकाराने लहान, त्यांचे अक्ष झिजतात आणि डळमळतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, म्हणून वेध चुकतात. त्याने मग दगड-चुन्यात यंत्रं बांधली. इथल्या जंतरमंतर वेधशाळेतलं सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ २७ मीटर उंच आहे. त्याची सावली बाजूच्या कमानीवर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते आणि कमानीवर दोन-दोन सेकंदांच्या खुणा कोरलेल्या आहेत. हलणारा भागच नाही. हलतो तो फक्त सूर्य. या राजाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते. ते मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ग्रंथ त्यांनी अरबीतून संस्कृतात आणला. जंतरमंतरात कुणी पाहुणे घेऊन गेलो की मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

दगडातही धूसरपणा सुटला नव्हता. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे एवढ्या मोठ्या यंत्राची सावली कडेला काही सेंटीमीटर पुसट होते. वेध घेणारा मग त्या पुसट पट्ट्यात एक दोरा ताणून धरायचा, आणि दोऱ्याची बारीक सावली जिथे हरवते ती खरी कड मानायचा. धूसरपणा गाळून टाकायचा नाही, त्याच्या आत शिरून वाचायचं. सिम्युलेटरात डेड झोन नावाची सोय असते: मध्याच्या आजूबाजूची अमुक टक्के हालचाल विमानाने ऐकायचीच नाही. थरथर लपवायला लोक ती पंधरा-वीस टक्क्यांवर नेतात. मला ते अजिबात मान्य नाही. वाऱ्यात विमान उतरवताना पायांचं सगळं काम त्या मधल्या पट्ट्यातच चालतं. तोच बहिरा केला तर पेडलं ठेवायचीच कशाला? थरथर पेडलातून काढावी, डेड झोन दोन-तीन टक्क्यांवर ठेवावा आणि फार तर वक्ररेषा मध्याजवळ थोडी सौम्य करावी.

खऱ्या विमानात रडर कमी-जास्त झालं की अंग एका कडेला ढकललं जातं, वैमानिकाला ते बैठकीतूनच कळतं. प्लायवूडवरच्या खुर्चीला ते कळत नाही. म्हणून डोळे एका छोट्या उपकरणावर ठेवावे लागतात: वाकलेली काचेची नळी, आत द्रव आणि एक काळी गोटी. गोटी उजवीकडे गेली तर उजवा पाय, डावीकडे गेली तर डावा. उड्डाण करताना सेसनासारख्या छोट्या विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं. पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्याने ढवळलेली हवा शेपटीला डावीकडून धडकते, आणि नाक वर असताना पंख्याची खाली येणारी उजवी पाती जास्त जोर काढते. वेग वाढेपर्यंत उजवा पाय द्यावाच लागतो. भाचीच्या उजव्या पोटरीला हे आता सांगावं लागत नाही.

ब्रेकसाठी टाच खाली टेकवून चवडा पुढे वाकवावा लागतो, म्हणजे घोटा लवचिक हवा. या शहरात राहून घोट्याचा विषय निघाला की एसएमएस रुग्णालय आठवणारच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा जयपूर फूट घडवला. तो घालून माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, कारण त्या पायाचा घोटा सर्व बाजूंना लवतो. इंग्लंडचा वैमानिक डग्लस बेडर १९३१ च्या विमान अपघातात दोन्ही पाय गमावूनही दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं चालवू शकला. त्याला एका गोष्टीने हात दिला: ब्रिटिश लढाऊ विमानांत ब्रेक पायाच्या बोटांनी दाबायचे नव्हतेच, हातातल्या दांडीवर त्यांची कळ असे. रडरला मांडीचा जोर पुरतो, ब्रेकला घोटा लागतो. कुणी कृत्रिम पायाने सिम्युलेटर चालवू पाहत असेल तर ब्रेकचे अक्ष जॉयस्टिकच्या एखाद्या कळीवर घ्यावेत, अगदी सहज होतं.

सांगानेरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. भाचीने काल २७ वर उतरायचं ठरवलं, म्हणजे तोंड थेट पश्चिमेला, आणि वारा नैऋत्येकडून दहा नॉट, समोरच्या डाव्या बाजूने येणारा. विमान नाक डावीकडे ठेवून तिरकं तिरकं खाली येत होतं. धावपट्टी जवळ आली तेव्हा तिने उजवा पाय हळूच पुढे नेला, नाक मधल्या पांढऱ्या रेषेवर आलं. तेवढ्यात डावा पंख वाऱ्याकडे जरासा खाली धरला. आधी डावं चाक टेकलं, मग उजवं, मग पुढचं. मी पडद्याऐवजी तिचे पाय पाहत होतो. टाचा फळीवर टेकलेल्या, पेडलं इंच-अर्धा इंच इकडेतिकडे, आणि एकदाही मध्यावर गचका नाही.

"मामा, वारा पंधरा कर," ती म्हणाली. सेसना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आजमावलेला आकडा पंधरा नॉटच दिलाय. मी वारा पंधरावर नेला, दिशा पूर्ण दक्षिणेची केली आणि विमान परत आठ मैलांवर ठेवलं.