लायटरमधली ठिणगी



सातवीच्या वर्गात माझ्याकडून एक चूक झाली. वर्गात ती कबूल केली आहे, पण काही मुलांनी माझे उत्तर वहीत उतरवून घेतले होते, म्हणून येथेही लिहितो.

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, गॅसच्या लायटरात सेल नसतो, मग ठिणगी कुठून येते?" मी म्हणालो, "आत चकमक असते." माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, 'चकमक पत्थर' डोक्यात पक्का बसलेला. शिवाय विडी-सिगारेटच्या जुन्या लायटरात तसा खडा असतोच. ती म्हणाली, "पण आमचा लायटर किती वर्षांचा आहे! खडा झिजत कसा नाही?" घंटा झाली होती. मी तिला खाली बसवले.

प्रश्न काही डोक्यातून जाईना. घरी एक मोडका लायटर पक्कडीने उघडला. आत स्प्रिंगवरची छोटी हातोडी आणि सिरॅमिकचा बारीक तुकडा. चकमक नाहीच! बटण दाबले की हातोडी त्या तुकड्यावर आपटते, क्षणभर काही हजार व्होल्ट निर्माण होतात आणि टोकाशी ठिणगी उडते. प्रवाह अगदी थोडा असतो. हीच दाबविद्युत. १८८० साली पिएर आणि जाक क्युरी या भावांनी ती स्फटिकांत दाखवली. कॉलेजच्या परीक्षेत ही व्याख्या लिहून मी गुण मिळवले होते, आणि लायटर तर रोज हातात!

उलटही घडते. वीज दिली की स्फटिक थरथरतो. लोंढ्यातल्या रेल्वेच्या घरांत किल्लीची घड्याळे अनेकांनी पाहिली असतील. क्वार्ट्झ घड्याळात किल्लीचे काम नाही, आत गारगोटीच्याच जातीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सोनोग्राफीत दोन्ही गोष्टी होतात. थरथरीतून ध्वनी शरीरात जातो, त्याचा प्रतिध्वनी परत येऊन स्फटिकावर दाब देतो, त्याची वीज होते आणि पडद्यावर चित्र उमटते. गर्भातली मुलगी ओळखून तिला नाकारण्यासाठी गर्भचाचण्यांचा वापर होऊ लागला, तेव्हा महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफीच्या दवाखान्यातली ती पाटी पालकांनी वाचली असेलच.

उघडलेला लायटर प्रयोगशाळेत ठेवला आहे. घरचा लायटर कोणी उघडू नये. आणि ज्यांच्या वहीत अजून 'चकमक' आहे, त्यांनी ते खोडून घ्यावे.