चौथरा नसलेली माणसं

चि. नेहास,


ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली (जन्म १९५०) यांच्या मनुष्याकृतींना सहसा चौथरा नसतो. माणसं उभी राहतात त्याच जमिनीवर त्या उभ्या असतात. चेहरा, हावभाव, कथा यांपैकी काही त्यांत शोधायचं नसतं. एक देह अमुक ठिकाणी होता, एवढीच ती नोंद.

बऱ्याच आकृती गॉर्मलींच्याच अंगावरून घेतलेल्या साच्यांतून ओतलेल्या आहेत. अंगाभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड चढवतात. ते घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. मग कवच कापून सुटका. या स्थिरतेमागे विपश्यना आहे. १९७१ ते १९७४ या काळात भारत आणि श्रीलंकेत राहून त्यांनी बौद्ध विचार अभ्यासला. ही साधना ते सत्यनारायण गोएंकांकडे शिकले. गोएंकांचं प्रमुख केंद्र पुढे इगतपुरीला उभं राहिलं.

गॉर्मलींच्या आकृती तीन रीतींनी जागा घेतात. पहिली, जागा भरून टाकणं. ‘फील्ड फॉर द ब्रिटिश आइल्स’ या कामात भाजलेल्या मातीच्या सुमारे ४०,००० वीतभर बाहुल्या खोली काठोकाठ व्यापतात. प्रत्येकीला डोळ्यांच्या जागी दोन भोकं, आणि सगळ्यांची नजर दाराकडे. पाहणारा उंबऱ्यावरच अडतो. दुसरी, दिशा मोडणं. लंडनच्या रॉयल अकॅडमीत २०१९ साली ‘लॉस्ट होरायझन’मधल्या २४ लोखंडी आकृती काही जमिनीवर उभ्या, काही भिंतींतून आडव्या निघालेल्या, काही छताला उलट्या होत्या. त्यांच्यामधून चालताना वर-खाली कशाला म्हणायचं, हेच डळमळतं. तिसरी, दालनाबाहेर पसरणं. २००७ मध्ये लंडनच्याच हेवर्ड गॅलरीतल्या प्रदर्शनाच्या वेळी ३१ आकृती आसपासच्या इमारतींच्या गच्च्यांवर आणि रस्त्यांवर होत्या. कोणती आकृती आणि कोणता जिवंत माणूस, हे ताडता ताडता लोक आपलं शहर नव्याने न्याहाळू लागले.

लिव्हरपूलजवळच्या क्रॉसबी किनाऱ्यावर त्यांच्या १०० लोखंडी आकृती समुद्राकडे तोंड करून कायमच्या उभ्या आहेत. भरतीला पाणी चढत जाऊन कित्येक बुडतात, ओहोटीला पुन्हा उघड्या पडतात. लोखंडाला गंज आणि शंख-शिंपले धरले आहेत.

चारही ठिकाणी मोजमाप एकच: पाहणाऱ्याचा देह. आकृतीभोवती मोकळी ठेवलेली जागा त्याने चालून, थांबून, वळून पुरी करायची असते. म्हणून गॉर्मलींच्या कामात आकृतीइतकंच तिच्या भोवतालालाही शिल्प म्हणावं लागतं.

तुझी,
आत्या