कार्पेटखालचा गाळ

कवठे महांकाळच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या किराण्याचा व्यापार करणाऱ्या एका घराने २०१९ च्या दिवाळीनंतर वापरलेली मोटार घेण्याचे ठरविले. धाकटी सून मिरजेच्या शाळेत शिक्षिका. तान्ह्या मुलाला सासूबाईंच्या स्वाधीन करून ती रोज पहाटे एस.टी. गाठत असे. घरची मारुती ८०० दुकानाच्या कामात झिजलेली आणि नव्या गाडीइतकी शिल्लक त्या साली नव्हती. अल्टो किंवा वॅगन आरसारखी एखादी लहान गाडी पाहावी, असे अण्णांनी सुचविले.

सांगलीच्या एका दलालाकडे मनाजोगी गाडी सापडली. चंदेरी रंग, मीटरवर अवघे अडतीस हजार किलोमीटर आणि किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. मुलगा बयाणा देण्यास उतावीळ झाला. अण्णांनी मात्र गावातील मिस्त्रींना सोबत नेले होते. बेदाण्याचे खोके वरून पाहून कोणी भाव करीत नाही, हात तळापर्यंत घालावा लागतो, हे त्यांना दुकानाने शिकविले होते.

मिस्त्रींनी प्रथम बॉनेटवर तळहात ठेवला. ते गरम होते. "गिऱ्हाईक येण्याआधीच गाडी चालू करून ठेवली आहे. खरे काय ते गार इंजिनच सांगते," ते म्हणाले. मग त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा पट्टा स्वच्छ होता, आतल्या भागावर मात्र तपकिरी रेघ होती. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले होते. त्यांनी कार्पेटचा कोपरा उचलला. खाली वाळलेला गाळ होता. अत्तराचा घमघमाट कशासाठी होता, ते सर्वांना तेव्हा कळले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. ज्या कृष्णेच्या पाण्यासाठी कवठे महांकाळचा शेतकरी म्हैसाळ योजनेकडे डोळे लावून बसतो, तेच पाणी येथे एका मोटारीच्या तळाशी गाळ होऊन बसले होते. अशी गाडी धुतली की चकचकीत दिसते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने त्यांना आतून खात राहतो आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात इंजिन बंद पडते. सुनेचा रोजचा रस्ता आठवून अण्णा काही न बोलता उठले.

पुढील महिनाभरात आणखी चार गाड्या पाहिल्या आणि पाहता पाहता मुलगाही शिकला. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर ऑइलात पाणी मिसळत असण्याचा संभव. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला असता इंजिन बंद पडले पाहिजे. ते फिरतच राहिले तर क्लचप्लेट संपत आली आहे. खडबडीत रस्त्यावर पुढून खटखट ऐकू आली तर सस्पेन्शनचे बुश गेले असावेत. टायर एकाच कडेने झिजले असतील तर अलाइनमेंट बिघडलेले असते, क्वचित मागे अपघातही झालेला असतो. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल, दारांच्या फटी कमीजास्त असतील, पत्र्यावर लोहचुंबक चिकटत नसेल, तर रंगाखाली पुट्टी भरलेली समजावी. मीटर मागे फिरविता येतो, पण पेडलचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग खरा हिशेब सांगतात.

कागदपत्रे अण्णांनी स्वतः पाहिली. चासी आणि इंजिनचे क्रमांक आर.सी. बुकाशी जुळतात का, बँकेचा बोजा उतरला आहे का, थकलेली चलने किती, विम्याचा दावा कधी झाला होता का, हे सारे त्यांनी वहीत टिपले. अखेर मिरजेतील एका निवृत्त गृहस्थांची वॅगन आर पसंत पडली. क्लच बदलावा लागेल, हे त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगितले. मिस्त्रींनी क्लचचा खर्च काढला, तेवढी रक्कम किमतीतून वजा झाली आणि व्यवहार ठरला.

त्याच आठवड्यात दलालाचा फोन आला. ती चंदेरी गाडी खपली होती. "कोणी घेतली?" अण्णांनी विचारले. "जतकडचे कोणी होते. फार काही पाहिले नाही त्यांनी," दलाल हसत म्हणाला. अण्णा हसले नाहीत.

आता घरची मारुती विकायची होती. जवळच्या गावचा एक तरुण शेतकरी पैसे घेऊनच आला. गाडीभोवती त्याने एक फेरी मारली, हॉर्न वाजविला आणि भाव मान्य केला. बॉनेट उघडले नाही. मुलगा अण्णांच्या कानाशी लागला, "तो विचारत नाही, मग आपण कशाला सांगायचे?"

अण्णांनी गल्ल्यातून कोरी पावती काढली. उजवे दार अपघातानंतर बदललेले आहे, दुसरा गिअर अडतो, थंडीत स्टार्टर त्रास देतो, पुढचे दोन टायर बदलावे लागतील, असे एकाखाली एक लिहिले. खाली आठ हजार रुपये वजा केले आणि सही केली. मुलाचा चेहरा उतरला. तरुणाने कागद दोनदा वाचला. "हे तुम्ही का सांगता, अण्णा?" त्याने विचारले.

"दुकानात वजनकाटा गिऱ्हाईकाच्या समोर ठेवतो, तसेच हे," अण्णा म्हणाले. मग त्यांनी फॉर्म २९ आणि ३० पुढे सरकविले. "पण तीस दिवसांच्या आत गाडी नावावर करून घ्या. आर.सी. बुकात जोवर माझे नाव आहे, तोवर कायद्याने मालक मीच. उद्या तुमच्या हातून अपघात झाला, तर भरपाईचा बोजा माझ्यावर येईल."

तरुणाने तेथेच सह्या केल्या. पावतीची घडी त्याने आर.सी. बुकात ठेवली. मारुती पेठेच्या वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा मुलाने न सांगता रोजकीर्द उघडली आणि वजा केलेले आठ हजार नावे टाकले. कोणत्या खाती, असे त्याने विचारले. अण्णा म्हणाले, "दुकानखर्चात लिही. पत राखायला लागणारा खर्च आहे तो."