पन्नास बिरडी आणि एक अनुस्वार

वाचन: निर्गम २६:१-६, योहान १५:१-५



निर्गमाचा सव्विसावा अध्याय आला की माणसे हळूच पुढची पाने चाळू लागतात. निवासमंडपाचे दहा पडदे, प्रत्येक अठ्ठावीस हात लांब आणि चार हात रुंद. पाच-पाच पडदे एकमेकांना जोडायचे, दोन्ही जोडांच्या किनारीला पन्नास-पन्नास निळी बिरडी लावायची आणि ती सोन्याच्या पन्नास आकड्यांनी जोडायची. संडे स्कूलमध्ये आम्ही दोघींनी हा भाग दरवर्षी गाळला. यंदा सहा महिने आमचे काम जवळजवळ हेच होते.

एका मोठ्या संस्थेत आम्ही डिझाइनच्या इंटर्न म्हणून लागलो. काम बालाघाटातल्या घरूनच. मंडळीत सर्वांना वाटले, पोरी चित्रे काढतात. खरे तर आम्ही एकही नवे चित्र काढले नाही. संस्थेची अनेक अ‍ॅप, अनेक टीम. प्रत्येकीने आपापले बटण आणि आपापला रंग ठरवला तर वापरणारा गोंधळतो. म्हणून बटणे, शीर्षके, अक्षरांची मापे एकदाच ठरवून एका जागी ठेवतात, आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यायची. याला डिझाइन सिस्टीम म्हणतात. भारत सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या संकेतस्थळांसाठी अशीच एक पुस्तिका काढली.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे समजवायला छोटी लाइन पुरते. आपले रूळ अडीच फुटांचे, गोंदियाची मोठी लाइन साडेपाच फुटांची. आपला डबा तिथून पुढे जाणारच नाही. माणसे उतरायची, पोती उतरवून पुन्हा चढवायची. रेल्वेने १९९२ मध्ये सगळीकडे एकच माप आणायची योजना हाती घेतली, आणि पुढे आपली लाइनही मोठी झाली.

पण एका मापाची भीतीही असते. माप चुकले तर ते सगळीकडे चुकते.

दुसऱ्याच आठवड्यात आम्हाला दिसले की शीर्षकांची चौकट इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधली आहे. इंग्रजीत ते चालते. आपल्या अक्षरांना शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार असतात, खाली उकार असतात, आणि अनुस्वाराचा ठिपका वेलांटीच्याही डोक्यावर बसतो. चौकट आखूड असली की पहिला तोच कापला जातो. हिंदीत कापला जात होता, मराठीतही.

आम्ही गप्प बसलो. इतक्या अनुभवी लोकांनी ठरवलेले माप आणि आम्ही कालच्या इंटर्न. सर्टिफिकेट हवे होते. एकमेकींना म्हटले, लोक समजून घेतात. हे लिहिताना अजून लाज वाटते.

त्यानंतर महिनाभराने मंडळीतल्या एक मावशी ऑपरेशनसाठी नागपूरला निघाल्या होत्या. फोनवर फॉर्म भरायचा होता, म्हणून भक्तीनंतर आम्हाला थांबवले. फॉर्म आमच्याच संस्थेचा निघाला. त्यात प्रश्न होता, ऑपरेशनबद्दल तुम्हाला कसली चिंता वाटते. मावशींनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "अगं, हे आत्तापासूनच मला चितेचं काय विचारतात?"

त्या हसल्या. आम्हाला हसता आले नाही.

त्या रात्री आम्ही आमच्या वरिष्ठांना लिहिले. आधी का सांगितले नाही तेही लिहिले. त्यांनी रागावण्याऐवजी एवढेच विचारले की असे अजून कुठे होते, दाखवा. आम्ही दोन दिवस बसून कापलेली शीर्षके जमवली. ओळीची उंची २० होती, ती २६ झाली, आणि मजकूर वाढेल तशी चौकट वाढू द्यायचे ठरले. बदल एका जागी केला आणि तो अ‍ॅपमागून अ‍ॅप पोहोचत गेला. बसालेल आणि अहलियाब यांना हे पाहून काय वाटले असते कोण जाणे.

सगळीकडे मात्र पोहोचला नाही. आमच्या कामात 'डिटॅच' नावाची एक सोय आहे. एखाद्या टीमला मूळ शीर्षकात थोडा फेर हवा असला की ती त्याची गाठ मुळापासून सोडवते आणि आपल्या मर्जीने बदलते. दिसायला दोन्ही सारखीच. वर्षभर कुणाला कळतही नाही. मुळात दुरुस्ती होते तेव्हा कळते, कारण सुटलेल्याकडे ती येत नाही. योहानाच्या पंधराव्या अध्यायातले फाटे आम्ही लहानपणापासून पाठ केले आहेत. तोडलेला फाटा काही दिवस हिरवाच दिसतो, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

इंटर्नशिपचे उरलेले दिवस ही सुटलेली शीर्षके शोधण्यात गेले. एकेक उघडायचे, त्या टीमला नम्रपणे लिहायचे आणि पुन्हा जोडून द्यायचे. काहींनी लगेच मान्य केले. एका टीमने तीन आठवडे उत्तर दिले नाही. मग म्हणाले, आमचे ठीक चालले आहे.

मावशींचे ऑपरेशन नीट झाले, प्रभूची स्तुती असो. आमचे दिवस शुक्रवारी संपतात आणि यादीत अजून चौदा शीर्षके आहेत. मावशींनी भरला तो फॉर्म त्यातलाच एक. तोही सुटलेला निघाला. त्या टीमशी गुरुवारी सकाळी बोलणे ठरले आहे. त्या वेळी आमची आठवण प्रार्थनेत करा.