जाळे काठावर आल्यावर



प्रभू येशूच्या सार्वजनिक जीवनातले कितीतरी प्रसंग पाण्याकाठी घडले, आणि आम्ही पडलो दांडिया बाजारातली माणसे. आमचे पाणी म्हणजे सुरसागर तलाव आणि पावसाळ्यात फुगणारी विश्वामित्री. तरी दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना पेत्र, आंद्रिया, जब्दीचे मुलगे, त्यांची जाळी, त्यांची होडी हेच सांगत असतो. एकदा एका मुलाने विचारले, "जाळे वरून टाकतात की खालून?" या वर्षी जानेवारीत आम्ही नऊजण वसईला गेलो, त्याला हा प्रश्नही थोडा कारणीभूत होता.

दुसरे कारण जरा अवघड आहे. मराठीतून जपमाळेची प्रार्थना करणारा आमचा गट लहान. गायकवाडांच्या काळापासून या पेठेत मराठी घरे पुष्कळ, पण त्यांतली ख्रिस्ती बोटांवर मोजण्याइतकी. या थोडक्यांतही एक कुटुंब दोन वर्षांपासून प्रार्थनेला येत नाही. कशावरून तरी शब्दाला शब्द वाढला होता. त्यांची दोन मुले दृढीकरणाच्या यादीत आहेत, पण वर्गाला येत नाहीत. काही ज्येष्ठांचे म्हणणे, नावे काढून टाका, उगाच यादी कशाला फुगवायची? बैठक फेब्रुवारीत ठरली होती. गाडीत बसताना हा विषय काढायचा नाही असे ठरले, आणि भरूच यायच्या आत तो निघालाच.

वसई आपल्या वाचकांना नवी नाही. १५३४ च्या तहाने ती पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, इथला ख्रिस्ती माणूस राहिला, आणि तो आपल्या बोलीतच बोलत राहिला. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमधून फिरताना आमच्यातल्या एका आजींनी सगळ्यांना थांबवून संत गोन्सालो गार्सियांसाठी एक प्रार्थना म्हणायला लावली. वसईत जन्मलेला हा मुलगा व्यापारासाठी जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मेला. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. समुद्राकाठच्या मुलाला जग किती लांबपर्यंत खुले असते, हे तिथे उभे राहिल्यावर पटते.

पण आम्हाला खरे बांधून ठेवले ते पाचूबंदराने. सकाळी पोहोचलो तेव्हा काठावर उभे राहायला जागा नव्हती. बर्फ फोडण्याचा आवाज, डिझेलचा वास, डोक्यावर पाट्या घेऊन धावणारी माणसे, आणि या सगळ्यावर कोळिणींचा आवाज. होड्यांवर क्रूस, पताका, संतांची नावे. एका बाईने आम्हाला "वाटेतून बाजूला व्हा" असे इतक्या जोरात सांगितले की आमचे सगळे पाहुणेपण एका क्षणात उतरले.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एका तांडेलाने दिले. इथली डोल जाळी वरूनही टाकत नाहीत आणि खालूनही नाही. समुद्रात खांब रोवलेले असतात, त्यांना मोठ्या पिशवीसारखे जाळे बांधतात आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे उघडे ठेवतात. जाळे जागचे हलत नाही, भरती-ओहोटीचे पाणीच मासळी आत आणून सोडते. पाणी फिरायच्या आत ते ओढायचे. म्हणून कोळ्याचे घड्याळ चंद्रावर चालते. पेत्राचा गालील समुद्र म्हणजे खरे तर गोड्या पाण्याचे सरोवर. तिथे अशी भरती-ओहोटी नाही. तिथे जाळे फेकावे लागे किंवा ओढावे लागे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने स्वर्गाच्या राज्याला उपमा दिली ती ओढायच्या जाळ्याची. तेव्हा डोल आणि ते जाळे एक नव्हे, हे वर्गात सांगताना सांभाळायला हवे.

दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी: जे येईल ते सगळे आत येते. आमच्यासमोर जो ढीग ओतला त्यात बोंबील होते, मांदेली, करंदी, जवळा होता, खेकडे होते, फेस आल्यासारखे जेलीफिश होते, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक चप्पल होती. नखाएवढी पापलेटची पिल्लेही होती. ती पाहून तिथल्या बायका हळहळल्या. चंदेरी पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे (आमच्या गुजरातने त्याच वर्षी घोळीला तो मान दिला), पण मान मिळाल्याने पिल्लू जाळ्यातून सुटत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती याच पिल्लांना वाढू देण्यासाठी.

मग निवडणे सुरू झाले. बायका खाली बसल्या. कोणी पाटावर, कोणी उलट्या टोपलीवर. मत्तयही लिहितो की ती माणसे बसली आणि मग निवडू लागली. हा "बसली" शब्द आम्ही इतकी वर्षे वाचताना ओलांडून जात होतो. उभ्या उभ्या निवडता येत नाही. एकेक मासा हातात येतो, उलटतो, टोपलीत पडतो. आम्हाला जो कचरा वाटला, त्यातले बरेच त्यांनी ठेवले. हे सुकवायचे, हे कोंबड्यांच्या खाद्याला, हे घरच्या कालवणाला. फेकण्याचा ढीग शेवटी अगदी लहान निघाला.

आमच्यातल्या एकाने, जो यादीतली नावे काढण्याच्या बाजूचा होता, एका म्हाताऱ्या कोळिणीला विचारले, "मावशी, नको ते जाळ्यात येऊच नये असे काही करता येत नाही का?" ती हात न थांबवता म्हणाली, "पान्यात कोन निवडतंय रे बाबा? आदी काठाला येऊ दे."

तो काही बोलला नाही. आम्हीही नाही. त्या दाखल्यात निवडणारे तर देवदूत आहेत, आणि तेही युगाच्या शेवटी, हे आम्हाला कोणी नव्याने सांगायला नको होते.

दुसऱ्या दिवशी बेटे. विरारहून अर्नाळ्याला बस, आणि किनाऱ्यावरून होडी. प्रवास थोडक्या मिनिटांचा, पण उतरताना साड्या आणि पँटी गुडघ्यापर्यंत वर. वैतरणेच्या मुखाजवळचा हा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत, आणि बाजीरावाच्या नावाचा शिलालेख आहे. आत मंदिरे, दर्गा, गोड्या पाण्याची अष्टकोनी विहीर आणि भाजीचे वाफे. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये हे गोडे. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री आठवल्यावाचून राहत नाही. जून २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेल्या युद्धनौकेला या किल्ल्याचेच नाव दिले आहे. परतताना होडी भरली होती, तरी नावाडी निघेना. लांबून एक बाई ओझे घेऊन येताना त्याला दिसली होती. तिच्यासाठी सगळे उन्हात थांबलो.

पाणजू बेट आम्ही नायगावच्या खाडीतून पाहिले. नायगाव आणि भाईंदरमधल्या रेल्वे पुलांजवळचे हे गाव. गाड्या शेजारून धडधडत जातात, पण गावात जायला रस्ता नाही. होडी, नाहीतर पुलावरून जीव मुठीत धरून चालणे. गाडीतली माणसे खाडीत निर्माल्य फेकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये असाच फेकलेला नारळ लागून पुलावरून चालणाऱ्या गावच्या एका तरुणाचा जीव गेला. फेकणाऱ्याच्या मनात भक्तीच असेल. आपल्यातही तुटलेल्या मूर्ती आणि जुन्या जपमाळा पुलावरून नदीत सोडणारे आहेत. खाली कोण आहे हे कितीजण वाकून पाहतात? तिथे आम्ही त्या तरुणासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी एक दशक म्हटले.

परतीच्या गाडीत सुके बोंबील होते. प्लास्टिकच्या पाच पिशव्यांत बांधलेले, तरी सुरत येईपर्यंत अख्ख्या डब्याला कळले. दांडिया बाजारातले आमचे शेजारी शाकाहारी, त्यामुळे जिना चढताना आम्ही चोरासारखे चढलो.

प्रार्थनेच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून आम्ही वाटे घातले. नऊजणांचे नऊ वाटे व्हायला हवे होते. वाटे घालणारा तोच होता, कोळिणीला प्रश्न विचारणारा. त्याने दहा घातले. दहावा कोणाचा, हे कोणी विचारले नाही. तो पोचवायला कोण जाणार, एवढेच अजून ठरलेले नाही. बैठक पुढच्या रविवारी आहे, आणि सुके बोंबील तोवर टिकतात.