चंद्रपूरच्या उन्हात गोठणारं पाणी

एअर-कूल्ड चिलरच्या कॅटलॉगात छापलेली क्षमता बहुतेकदा 35 अंश सेल्सिअसच्या हवेतली असते. अमेरिकेतल्या एएचआरआय या संस्थेचं प्रमाण तेच. आमच्या चंद्रपुरात 35 म्हणजे मार्चमधली बरी दुपार. मे महिन्यात पारा 46-47 वर जातो, 2019 सारख्या वर्षी 48 च्या घरात. शिवाय दोन भिंतींच्या बेचक्यात बसवलेला चिलर स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढतो, ते वेगळंच. मग फोन येतो, "भाऊ, मशीन एचपीवर ट्रिप मारून राहिली."

एचपी म्हणजे हाय प्रेशर. चिलर पाण्यातली उष्णता गॅसमध्ये घेतो आणि कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेत सोडतो. ती सोडायची तर गॅस हवेपेक्षा गरम हवा. कंडेन्सर स्वच्छ असेल तर हा फरक साधारण 14 अंशांचा धरा. आर-134ए गॅसचा दाब 35 अंशांच्या हवेत 12 बारच्या आसपास असतो, 46 अंशांत तो 16 जवळ पोचतो. फरक 14 चा 20 झाला, तर 18 ओलांडतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. हा स्विच सहसा हाताने रीसेट करायचा असतो. कुणीतरी यंत्रापाशी यावं आणि कंडेन्सर बघावा, म्हणून. लोक येतात, बटण दाबतात आणि जातात.

फरक वाढतो तो बहुधा धुळीने. घुग्घुसकडे कोळशाची, गडचांदूरकडे सिमेंटची, औष्णिक केंद्राच्या आजूबाजूला राखेची. जंगलालगत उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटतात आणि तो कापूस फिन्सवर नमद्यासारखा बसतो. कधी एखादा पंखाच बंद पडलेला असतो, कधी हिवाळ्यात कुणीतरी गॅस जास्त भरून ठेवलेला असतो. पण यातलं बहुतेक एका दुपारी होत नाही. हवेचं आणि कंडेन्सिंगचं तापमान रोज शेजारी लिहिलं, तर मेमधला ट्रिप मार्चमध्येच दिसतो. लॉगशीटवर दोन्हींचे रकाने असतात आणि भरलेलेही असतात. रात्री तीनला आणि दुपारी तीनला तोच आकडा असला, की मी ती शीट घडी करून परत देतो.

पाणी मारून दाब उतरवणं हा इथला आवडता उपाय. हवा इतकी कोरडी, की उपाय लागू पडतोच. विदर्भाला वाळ्याच्या ताट्या कुणी शिकवायला नकोत. पण बोअरचं जड पाणी थेट कॉइलवर मारलं, तर क्षारांचा थर बसतो आणि पुढच्या वर्षी फरक आणखी वाढतो. ओली ताटी कॉइलपासून हातभर दूर, हवेच्या वाटेत लावावी.

गडचिरोलीचं दुखणं निराळं. वळवाच्या पावसात झाड पडून तार तुटते, जोडताना फेज उलटसुलट होतात. शेतकऱ्याला ते लगेच कळतं, कारण मोटार उलटी फिरते आणि पाणी येत नाही. स्क्रू किंवा स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर थोड्याच वेळात निकामी होऊ शकतो, म्हणून फेज रिले त्याला सुरूच होऊ देत नाही. वीज आहे, पण चिलर चालत नाही, असं म्हणत लोक त्या रिलेवर चिडतात आणि कुणीतरी त्याला जंपर मारतो, म्हणजे वायरच्या तुकड्याने वगळतो.

सगळ्यात वाईट जंपर मात्र फ्लो स्विचचा, म्हणजे पाणी वाहायचं थांबलं की कॉम्प्रेसर बंद करणाऱ्या स्विचचा. बाहेर 46 अंश असताना यंत्रात बर्फ होईल, हे कुणाच्या मनातही येत नाही. चिलर 7 अंशांचं पाणी देत असतो तेव्हा इव्हॅपोरेटरमधला गॅस शून्याच्या दोन-चार अंशच वर असतो. पंप थांबला, गाळणी चोंदली किंवा व्हॉल्व्ह अर्धा मिटला, की गॅसला उष्णता मिळेनाशी होते आणि तो शून्याखाली जातो. अँटिफ्रीझ सेन्सर आहे ना, असं मला हमखास ऐकवतात. पण तो बहुतेक ठिकाणी बाहेर जाणाऱ्या पाइपात बसवलेला असतो. पाणी वाहतच नसेल, तर तो पाइपातल्या साचलेल्या पाण्याचं तापमान सांगत बसतो आणि आत ट्यूबमध्ये बर्फ धरत जातो. पाणी गोठताना जवळजवळ नऊ टक्के फुगतं. ट्यूब फुटली की पाणी गॅसच्या बाजूला, तिथून तेलात आणि कॉम्प्रेसरमध्ये. मग धुणं, सुकवणं, व्हॅक्यूम, आणि बरेचदा नवा कॉम्प्रेसर.

जंपर मारणाऱ्या ऑपरेटरला मी एकट्याला दोष देत नाही. क्षारांनी फ्लो स्विचचं पॅडल अडकतं, पाणी नीट वाहत असतानाही यंत्र बंद पडतं आणि उत्पादनवाले डोक्यावर उभे असतात. पॅडल साफ करायला लाइन रिकामी करावी लागते; वायरचा तुकडा मिनिटात लागतो. स्विचच्या अलीकडे-पलीकडे दोन व्हॉल्व्ह टाकून बायपास लाइन दिली असती, तर तो तुकडा लागलाच नसता, पण ती खरेदीच्या वेळी वाचवलेली असते.

नव्या ठिकाणी गेलो की मी आधी कंट्रोल पॅनल उघडतो आणि ड्रॉइंगमध्ये नसलेली वायर शोधतो. मग चालू चिलरच्या स्टॉप बटणावर बोट ठेवून पंप बंद करायला सांगतो. दहा सेकंदांत कॉम्प्रेसर आपोआप थांबला नाही, तर मीच तो थांबवतो आणि फ्लो स्विच दुरुस्त होईपर्यंत चालू करू देत नाही.